बायकोच्या नावाचा दगड

माझ्या बायकोच्या नावाचा एक दगड आहे. चांगला दीडशे किलोमीटर रुंद. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडधोंड्यांचा जो पट्टा आहे, त्यात तो गुपचूप सूर्याला फेऱ्या मारत असतो. ही गोष्ट मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, दाताच्या दवाखान्यात, अर्धं तोंड बधिर असताना कळली. समोर एक जुनं मासिक पडलं होतं. त्यात लिहिलं होतं, की १८५० साली आमच्याच नेपल्सच्या टेकडीवरच्या वेधशाळेतून हा लघुग्रह पहिल्यांदा दिसला आणि शहराच्या जुन्या नावावरून त्याचं नाव 'पार्तेनोपे' ठेवलं. मी ताडकन उठून "माझी बायको!" असं ओरडलो. पण अर्ध्या तोंडानं ओरडलेलं डॉक्टरांना भलतंच ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी मला खाली बसवून आणखी एक इंजेक्शन दिलं.

पार्तेनोपे हे नाव हल्ली कुणी पोरीला ठेवत नाही. आमच्याकडे ते बोटींना असतं, बेकऱ्यांना असतं, फुटबॉलच्या बातम्यांत असतं. बायकोनं जन्मभर ते जरा खालच्या आवाजातच सांगितलं. मी तिला नोपे म्हणतो. घरी येऊन, गालाला आलेली सूज सांभाळत, मी तिला दगडाची बातमी दिली.

ती म्हणाली, "बरं झालं. माझ्या नावाची एक तरी वस्तू अशी आहे की जिच्यावरची धूळ मला पुसावी लागत नाही."

हे बोलताना ती माझ्या डाव्या कानाकडे बघत होती. याचं कारण सांगायला हवं. गेल्या वर्षापासून नोपेच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. ज्या गोष्टीकडे सरळ बघावं नेमकी तीच नाहीशी होते, कडेचं मात्र दिसतं. म्हणून तिला माझा चेहरा बघायचा असला की ती माझ्या कानाकडे बघते. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कानाकडे इतक्या प्रेमानं कुणी बघितलं नव्हतं. ती लग्नाचे पोशाख शिवायची. सुईत दोरा ओवताना गप्पा मारायची, सुईकडे बघायचीसुद्धा नाही. आता सुईसुद्धा मीच ओवतो आणि तीन वेळा बोटाला टोचून घेतो. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजवा वर्षभर साथ देईल. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी कॉफी ओतता ओतता ती एकदम म्हणाली, "लिबो, तो दगड दिसतो का रे?"

"कुठला?"

"माझा. मला बघायचाय."

नोपेनं जन्मात कधी काही मागितलं नाही. चौतीस वर्षं मी जमीन नोंदणीच्या कचेरीत होतो. माझ्या सहीशिवाय या जिल्ह्यात लिंबाचं एक झाडसुद्धा या कुंपणातून त्या कुंपणात गेलं नाही. असा माणूस बायकोला एक दगड दाखवू शकत नाही म्हणजे काय? मी म्हटलं, "दाखवतो." तेव्हा मला वाटलं होतं, फार तर आठवड्याचं काम आहे.

आधी चौकशी केली. कळलं की हा दगड ऑक्टोबरात पृथ्वीच्या जवळ येणार. जवळ म्हणजे अठरा कोटी किलोमीटर. साध्या डोळ्यांना दिसणार नाही, पण लहान दुर्बिणीतून मंद ठिपक्यासारखा दिसेल. त्यानंतर लांब लांब जाणार आणि परत यायला सोळा महिने लावणार. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. सोळा महिने नोपेचा डोळा थांबणार नव्हता. जे काय करायचं ते या ऑक्टोबरातच.

दुर्बीण मला त्याच दाताच्या डॉक्टरांनी विकली. त्यांच्या मुलाला खगोलशास्त्राचा नाद होता, तो सुटून मोटारसायकलचा लागला होता. दुर्बीण झकास होती, फक्त तिच्या तिवईचा एक पाय गायब होता. तो आमच्या शेजारच्या अनिएल्लोनं बसवून दिला, आपल्या जुन्या होडीचं वल्हं कापून. अनिएल्लो निवृत्त खलाशी. आयुष्यभर त्यानं पोत्सुओली ते प्रोचिदा ही बोट चालवली. चाळीस मिनिटांचा रस्ता, दोन्ही किनारे सतत डोळ्यांसमोर. पण बोलायला लागला की वाटावं, यानं ताऱ्यांवरून अमेरिका शोधली.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "तारे माझ्यावर सोपवा. तुम्ही फक्त भोक धरून बसा."

दुर्बीण घरात आल्यापासून सगळी इमारत मला प्रोफेसर म्हणायला लागली होती. कचेरीत मी चौतीस वर्षांत हेडक्लार्कच्या वर गेलो नाही, इथं एका दुपारीत प्रोफेसर झालो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

अनिएल्लोनं दुर्बिणीतून आधी काय बघितलं असेल, तर आपली जुनी बोट. ती त्याला उलटी दिसली. चिमणी खाली, तळ वर. या जातीच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, त्यात बिघाड काही नाही. पण तो भयंकर दुखावला. "मी असतो तर तिला असं होऊ दिलं नसतं," म्हणाला, आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.

आता प्रश्न जागेचा. आमच्या बाल्कनीतून दिसते ती समोरची बाल्कनी. गच्चीला कुलूप. किल्ली सोसायटीचे व्यवस्थापक पाल्मिएरो यांच्याकडे. पाल्मिएरो हा सडपातळ, अत्यंत नम्र आणि संपूर्णपणे निरुपयोगी माणूस आहे. त्यांनी अर्ज मागितला. मी दिला. त्यांनी दुर्बिणीचं वजन मागितलं. तेही दिलं. मग म्हणाले, गच्ची ही सामायिक मालमत्ता, विषय सभेपुढे ठेवावा लागेल. मी स्वतः कचेरीतला माणूस. दुसऱ्यानं नियमानं अडवलेलं बघून मला संताप येतो आणि थोडं कौतुकही वाटतं.

सभेत दोन तास चर्चा झाली. त्यातला पाऊण तास गच्चीवर कुणाची चादर कुणाच्या दोरीवर वाळत होती यावर गेला. चौथ्या मजल्यावरच्यांना भीती, मी त्यांच्या न्हाणीघरात बघेन. "त्यांचं न्हाणीघर उत्तरेला आहे, दगड पूर्वेला," असं मी नकाशा काढून दाखवलं. मग सगळ्यांनी नोपेच्या डोळ्यांवर उपाय सांगितले: कुणी गाजर, कुणी खारवलेली मासळी, कुणी थंड कॉफीच्या पट्ट्या. नोपे सगळ्यांच्या कानांकडे बघत ऐकत होती. शेवटी तीन संध्याकाळींसाठी किल्ली मंजूर झाली. चौदा, पंधरा आणि सोळा ऑक्टोबर. त्याच दिवसांत आकाशात चंद्राची अडचण नव्हती. तेवढं मी त्यांच्या गळी उतरवलं.

चौदा तारखेला मी शनी पकडला. कडं स्वच्छ दिसत होतं. मी जिन्यातून ओरडलो, "शनी! शनी!" अर्धी इमारत वर आली, रांग लागली, एका बाईंनी डोळे पुसले. मग अनिएल्लोनं दुर्बिणीशेजारी उभं राहून, डोळा न लावता, नुसतं त्या दिशेला बघितलं आणि म्हणाला, "प्रोफेसर, तो बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या धक्क्यावरचा दिवा आहे. जाळीतला." रांग शांतपणे खाली गेली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पण खरी अडचण रेस्तितूताबाईंची होती. त्या सगळ्यात वरच्या म्हणजे सहाव्या मजल्यावर राहतात आणि गच्चीच्या दाराशीच त्यांनी मदोन्नाचं, म्हणजे येशूच्या आईचं, देवघर केलं आहे. भिंतीतला कोनाडा, काचेचं दार, कागदी फुलं आणि बारा विजेचे दिवे. त्यांचा मुलगा कारखान्यातल्या अपघातातून वाचला, तेव्हापासून सव्वीस वर्षं ते दिवे विझलेले नाहीत. नवस आहे. आणि ते बाराच्या बारा दिवे बरोबर दुर्बिणीवर पडत. त्या उजेडात मला आकाशाच्या त्या कोपऱ्यात तीन तारे दिसायचे. त्रिकोण. नकाशाप्रमाणे त्यांच्याजवळ चौथा ठिपका हवा होता. तोच दगड. त्याचा पत्ता नव्हता.

पंधरा तारखेला मी टोपी काढून रेस्तितूताबाईंच्या दारात उभा राहिलो.

"फक्त वीस मिनिटं, बाई."

"आईला अंधारात बसवू?"

"मग एखादं कापड टाकू. जाडसं."

"प्रोफेसर, तिच्यावर कापड टाकतात ते ईस्टरच्या आधी. तुम्हाला काय आज गुड फ्रायडे वाटतोय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नोपेसाठी मी माझा डोळा काढून देईन हो. पण हा दिवा माझा नाही. तिचा आहे."

मी टोपी परत घातली. मी खाली आलो. नोपे म्हणाली, "तिला त्रास देऊ नकोस. नाही दिसला तर नाही दिसला." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं बराच वेळ नुसतीच भांडी हलवली. त्रेचाळीस वर्षांत भांड्यांचा आवाज मला कळायला लागलाय. तिला फार वाईट वाटलं होतं.

राहिली एक संध्याकाळ. मी ठरवलं, रेस्तितूताबाईंचे बारा दिवे असू देत, बाकीचे तरी बंद करू. जिन्यातले, बाल्कन्यांतले, अंगणातले. त्यासाठी सूचना लावायची. मी एक गोड, घरगुती चिठ्ठी लिहिली. त्यात बायकोचं नाव होतं, डोळ्यांचं होतं, अठरा कोटी किलोमीटरही होतं. पाल्मिएरो म्हणाले, फलकावर खाजगी चिठ्ठी लागत नाही, सोसायटीच्या कागदावर रीतसर मजकूर हवा. आणि एका पानात बसायला हवा. त्यांनी मजकूर केला. खरं तर इथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी काय केलं? मी त्यात दोन ठिकाणी भाषा सुधारली! चौतीस वर्षांची सवय. 'सदर' हा शब्द माझाच.

सोळा तारखेला सकाळी फलकावर लागलं ते असं:

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, आज सायंकाळी ठीक साडेआठ वाजता पार्तेनोपे हा दीडशे किलोमीटर व्यासाचा पाषाणखंड पृथ्वीपासून किमान अंतरावर येत आहे. सदर वेळी सर्व दिवे बंद ठेवावेत. गच्चीवर जाऊ नये. रहिवाशांनी घाबरून जाऊ नये. व्यवस्थापक.'

अठरा कोटी किलोमीटर जागेअभावी गाळले होते. आणि शेवटचं वाक्य पाल्मिएरोंनी आपल्या मनानं घातलं, कारण वरून येणाऱ्या प्रत्येक सूचनेत ते असतं म्हणे.

आता आम्ही राहतो नेपल्सच्या बान्योली भागात. जमिनीखाली ज्वालामुखी आहे, म्हणून इथली जमीन वर्षानुवर्षं खालून फुगते, बसते, परत फुगते. महिन्यातून चार वेळा कपाटातले पेले वाजतात. प्रत्येकाच्या दाराशी एक बॅग भरलेली असते: औषधं, कागदपत्रं, एक स्वेटर. वर्षातून दोनदा सरावही होतो. गॅस बंद करा, विजेचं मुख्य बटण बंद करा, बॅग उचला, चौकात जमा. आणि आम्ही एक गोष्ट पक्की शिकलोय. सूचनेत 'घाबरून जाऊ नये' असं आलं, की घाबरायची वेळ आली. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या दाराशीही बॅग आहे. तरी मी त्या कागदासमोर उभा राहून 'सदर' हा शब्द किती छान बसलाय एवढंच बघत होतो.

संध्याकाळी आठ वाजता मी नोपेला गच्चीवर नेलं, खुर्चीत बसवलं, दुर्बीण त्रिकोणावर लावली. गच्चीवर वारा होता. सव्वाआठला तिला थंडी वाजायला लागली, म्हणून मी तिची शाल आणायला खाली दुसऱ्या मजल्यावर गेलो. जिन्यात पावलं, दारं, बॅगांची चाकं असा बराच आवाज होता. मला वाटलं, मंडळी किती मनावर घेतात. शाल घेतली, थर्मास घेतला, लिफ्टमध्ये शिरलो. आमची लिफ्ट जिन्याच्या मधोमध, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातून वर जाते. पाचवा मजला गेला. आणि एकदम सगळं थांबलं. लिफ्ट, दिवा, पंखा, सगळं.

मला नंतर कळलं ते असं. गेल्या सरावात अनिएल्लोला नारिंगी जाकीट मिळालं होतं, 'पथकप्रमुख' लिहिलेलं. ते घालून त्यानं सगळी इमारत रिकामी केली, आणि सगळे बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर तळघरात जाऊन वीज तोडली. प्रोफेसर कुठायत, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. ते केव्हाच निघून गेले असतील."

"लिबो?" वरून नोपेचा आवाज आला. ती गच्चीच्या दाराशी आली होती.

"लिफ्ट अडकली!"

"लागलं का तुला?"

"माझ्या इभ्रतीला लागलं. बाकी ठीक आहे."

"खाली चौकात खूप लोक जमलेत. पोरं रडताहेत. रेस्तितूताही खाली आहे, तिचा आवाज ओळखला मी." थोडं थांबून म्हणाली, "लिबो, इथं काळोख आहे. देवघरसुद्धा रिकामं आहे. आईला ती बरोबर घेऊन गेलीय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात ती सूचना लखलखीत वाचली गेली, शेवटच्या ओळीसकट.

"अरे देवा! नोपे, त्यांना वाटतंय दगड पडतोय!"

"बाई! रेस्तितूताला फोन लावते."

आणि इथं मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप केलं. सहा मजल्यांची माणसं, म्हातारी, तान्ही, पिंजऱ्यातल्या कॅनरींसह, चौकात मरणाची वाट बघत उभी असताना मी जाळीला तोंड लावून ओरडलो, "नको! आधी बघ!"



"पाच मिनिटं," नोपे म्हणाली. "फक्त पाच." तिची पावलं गच्चीकडे गेली.

मी अंधारात शाल छातीशी धरून उभा. दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते तसे तारे सरकतात, बाजूची मूठ फिरवून मागं मागं जावं लागतं. हे मी नोपेला कधी शिकवलं नव्हतं, फक्त रोज जेवताना त्याबद्दल कटकट केली होती.

"तारे निघून गेलेत!" ती ओरडली.

"मूठ! उजवीकडची! हळू, हातानं शिलाई मशीन फिरवायचीस तशी!"

"आले. तीन आहेत. त्रिकोण." मूठ कुरकुरली. मग, "सरळ बघितलं की सगळंच जातं रे."

"मग बघू नकोस सरळ. माझ्याकडे बघतेस तसं बघ."

खाली चौकात कुणीतरी जपमाळ म्हणत होतं.

"लिबो, चौथा आहे."

"कुठं?"

"खालच्या ताऱ्याच्या डावीकडे. जरा खाली. मंद आहे. बघायला गेलं की लपतो, सोडून दिलं की येतो."

नकाशा मला तोंडपाठ होता. दगड वरच्या ताऱ्याच्या उजवीकडे, जरा वर हवा होता. बिचारीला भास होतोय. आता हे तिला कसं सांगायचं? "छान आहे, नोपे," असं खोटं बोलायला मी तोंड उघडलं, आणि मला अनिएल्लोची बोट आठवली. चिमणी खाली, तळ वर. उजवं ते डावं! वरचं ते खालचं! नोपेनं नकाशा कधी बघितला नव्हता. तिला वाचताच येत नव्हता तो. तिनं तो दगड दगडाच्याच जागी बघितला होता.

"तोच आहे!" मी लिफ्टच्या पिंजऱ्यात नाचलो. लिफ्ट बोटभर खाली सरकली, म्हणून थांबलो. "नोपे, तोच! तूच आहेस ती!"

पाचाची दहा मिनिटं झाली असतील. मी हाक मारली नाही. मग ती हळूहळू जिना उतरून आली आणि जाळीजवळच्या पायरीवर बसली. मी जाळीतून शाल एकेका टोकानं बाहेर सरकवली. तिचे हात गार होते.

"रडतेस?"

"थोडीशी. किती लहान आहे रे तो."

"दीडशे किलोमीटर."

"लहान आहे," ती ठामपणे म्हणाली. मग तिनं रेस्तितूताला फोन लावला. "अगं, परत या सगळे. काही पडत नाहीये. मी आत्ताच बघितला, तो जिथं आहे तिथंच आहे."

वीज आली, लिफ्ट धक्का देऊन वर गेली, आणि मी धावत दुर्बिणीकडे गेलो. पण खाली खिडकी खिडकी उजळली होती. रेस्तितूताबाई मदोन्नाला कडेवर घेऊन धापा टाकत आल्या, आणि बारा दिवे परत लागले. मी डोळा लावला. तीन तारे.

माझ्यामागे सगळी इमारत उभी होती. पाल्मिएरो अत्यंत नम्रपणे म्हणाले, की हा विषय पुढच्या सभेत पहिल्या क्रमांकावर राहील. अनिएल्लोनं जाकीट ताठ केलं. "अकरा मिनिटांत रिकामी केली. सरकारी सरावाला एकोणीस लागली होती. हे इतिवृत्तात आलं पाहिजे." रेस्तितूताबाई मात्र थेट नोपेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद.

"म्हणजे मी आईला घेऊन थंडीत, चपला उलट्या घालून, चौकात उभी राहिले ती तुझ्या दगडासाठी?"

"हो गं," नोपे म्हणाली. "चुकलं आमचं."

"दिसला का पण?"

"दिसला."

रेस्तितूताबाईंनी मदोन्ना माझ्या हातात कोंबली आणि नोपेला गच्च मिठी मारली. "मग तिनंच दाखवला! सव्वीस वर्षांत कधी जागची हलली नव्हती. आज बरी लगेच तयार झाली ती." मग सगळ्यांनाच ऐकायचं होतं. नोपे सांगत होती, कसा लपतो, कसा येतो, आणि बॅगा हातात धरलेली पन्नास माणसं गप्प उभी राहून ऐकत होती. मला कुणी काही विचारलं नाही. प्रोफेसरपद माझ्याकडून गेलं ते तेव्हाच.

सगळे उतरल्यावर मी दुर्बीण आवरायला लागलो. नोपे कठड्याला टेकून उभी होती.

"तुला नाही दिसला," ती म्हणाली.

"नाही."

"वाईट वाटतंय?"

"फार."

"सोळा महिन्यांनी येईल ना परत?"

"येईल."

"तेव्हा तू बघ," ती म्हणाली. "आणि मला सांग. आज मी सांगितलं तसं."

मी नुसतीच मान हलवली, आणि मग लक्षात आलं की मान हलवलेली तिला दिसत नाही. "सांगेन," मी म्हटलं.

"तुला जमायचं नाही. तू कचेरीतला माणूस. आतापासून सवय कर." तिनं समुद्राकडे हात केला. "निसिदा बेट कसं दिसतंय आज? सांग."

"दिवे लागलेत."

"एवढंच? असं नाही चालणार, लिबो. नीट बघ."

मी चष्मा काढला, तिच्या शालीच्या टोकानं पुसला, आणि नीट बघायला लागलो.